मोडीत काढलेली मोटार

मी भित्रा माणूस. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी ते मला ऐकवायला नको. भुताखेतांना मी भीत नाही. माझी भीती उजेडातली. कुणी शिडीवर चढला की तो खाली पडलेलाच मला दिसतो. कुणी विहिरीच्या काठावर बसून पाय हलवायला लागला की मी त्याला बखोट धरून मागे ओढतो. आणि अशा माणसाने पोटासाठी धंदा धरला कोणता, तर विम्याची एजंटी. सोलापुरात मी माणसांचे, घरांचे आणि मोटारींचे विमे उतरवायचो. आधी भीती घालायची आणि मग सही घ्यायची, असं माझा मेहुणा माझ्या धंद्याचं वर्णन करी, आणि चारचौघांत करी. मी हसून सोडून द्यायचो, पण राग यायचा.

हा मेहुणा म्हणजे चिंतामणराव वकील, माझ्या धाकट्या बहिणीचा, लीलाचा नवरा. माझी बायको इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली, त्यानंतर मी पुन्हा लग्न केलं नाही. लीलाच्या घरासमोर एक खोली घेऊन राहत होतो आणि दोन्ही वेळा जेवायला तिच्याकडे जात होतो. तिची पाच वर्षांची प्रभा माझ्या मांडीवर बसल्याशिवाय पहिला घास घेत नसे. या दोघींखेरीज मला जगात कुणी नव्हतं. त्यांना काही होऊ नये, एवढंच माझं देवाकडे मागणं असे.

सन चौतीसच्या उन्हाळ्यात अक्कलकोटच्या रस्त्यावर एका कंत्राटदाराची मोटार मोरीच्या कठड्यावर आदळली. विमा माझ्यामार्फत उतरवलेला. कंपनीने मुंबईहून पाहणीसाठी एक साहेब पाठवला, आणि टेपचं दुसरं टोक धरायला मी गेलो. ड्रायव्हर जागीच गेला होता. त्याला नेलं होतं, पण त्याची एक वहाण पुढच्या सीटखाली तशीच होती. साहेब गाडीखाली आडवा झाला, बराच वेळ आत काहीतरी ठोकून बघत राहिला, आणि उठून हात झटकत म्हणाला की सांगाडाच वाकलाय, ही आता मोडीत. कंपनीने मालकाची भरपाई केली आणि ते धूड भंगार म्हणून निंगप्पा मिस्त्रीला विकलं. माझ्यापुरती ती मोटार तिथेच संपली.

निंगप्पा मिस्त्री आमच्या पलीकडच्या बोळात शेड टाकून होता. अक्कलकोटकडचा माणूस, घरात कानडी, आमच्याशी मराठी. हाताला इतका गुणी की गिरणीच्या इंजिनापासून शिवणयंत्रापर्यंत काहीही त्याच्याकडे यावं आणि चालू होऊन जावं. त्याने चार महिने त्या धुडावर काढले. सांगाड्याचे दोन्ही दांडे तापवले, ठोकून सरळ केले, तडा गेलेल्या जागी जाड पट्ट्या रिबिटांनी बसवल्या. वर हिरवागार रंग दिला, छपराचा नवा कापडी टप शिवून घेतला. भाद्रपदात चिंतामणराव एक दिवस मला हाताला धरून तिकडे घेऊन गेले आणि म्हणाले, बघा आपली मोटार.

मी बघितली. रंग नवा होता, दिवे नवे होते, पण बाहेर काढलेल्या पुढच्या सीटची चौकट मला ओळखू आली.  निंगप्पाने मात्र काही लपवलं नाही, हे मला त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. तो म्हणाला, "वकीलसाहेब, ही तीच गाडी हाय, अक्कलकोट रस्त्याची. मोडीतली हाय. पर म्या तिच्यावर लई काम घातलंय. नवी गाडीबी मोडती की."

चिंतामणरावांना बार्शीच्या कोर्टात महिन्यातून चारदा जावं लागे. सर्व्हिस मोटारीच्या छपरावर बोचकी आणि कोंबड्या, आत माणसांवर माणसं, आणि वाटेत दोनदा बंद पडायची. पोचेपर्यंत पक्षकार दुसरा वकील बघायचा. नवी मोटार घेण्याची त्यांची ऐपत नव्हती. ही तिच्या पाव किमतीत पडत होती. त्यांची अडचण मला कळत होती, नाही असं नाही.

त्या दिवशी जेवताना मी तोंड उघडलं. वाकलेला सांगाडा म्हणजे मोडून जुळलेलं हाड, त्याच्यावर किती भार टाकायचा ते देवालाच माहीत. आमची कंपनी ही गाडी पुन्हा विम्याला घेणार नाही, हेही सांगितलं. चिंतामणरावांनी पाटावर बसल्या बसल्या माझी उलटतपासणी सुरू केली.

"कंपनीने काय लिहिलंय, शरदराव? दुरुस्त होणारच नाही, की दुरुस्ती परवडणार नाही?"

"परवडणार नाही."

"म्हणजे हिशेब त्यांच्या खिशाचा. गाडीचा नव्हे. आता सांगा, मिस्त्रीने बसवलेलं एक तरी रिबिट सैल आहे असं तुम्ही स्वतः बघितलंय?"

मी कुठला बघणार? मी टेपचं टोक धरणारा.  मग त्यांनी गाणगापूरची आठवण काढली. दोन वर्षांपूर्वी मी असाच हट्ट धरून त्यांना गाणगापूरच्या मोटारीत बसू दिलं नव्हतं, टायर गुळगुळीत दिसले म्हणून. ती मोटार सुखरूप गेली, सुखरूप आली, आणि शेजारच्यांनी आम्हाला प्रसाद आणून दिला. चिंतामणराव ती गोष्ट इतकी रंगवून सांगत की प्रभासुद्धा टाळ्या पिटायची. त्या रात्रीही तिने पिटल्या.

पुढचा महिनाभर निंगप्पा मैदानात नेऊन चिंतामणरावांना चालवायला शिकवत होता. मी कधी कधी लांब उभा राहून बघायचो. पाणंदीतल्या बैलगाडीपेक्षा किंचित जास्त वेगाने ती हिरवी मोटार गोल गोल फिरायची. एकदा चिंतामणराव उतरल्यावर म्हणाले की चाक धरून ठेवावं लागतं, जरा डावीकडे ओढते. निंगप्पा म्हणाला, टायर नवं हायती, बसत्याल. माझ्या मनात मात्र ते डावीकडे ओढणं बसलं ते बसलंच. जेवताना, सही घेताना, अंघोळ करताना, मला ती मोटार डावीकडे जाताना दिसायची. डावीकडे कधी मोरी असायची, कधी विहीर, कधी नुसतीच खोल जागा. आणि मागच्या सीटवर दोघी.

दसऱ्याला पूजा करून मोटार ताब्यात घ्यायची आणि त्याच मोटारीतून सीमोल्लंघनाला जायचं, तिथून तसंच पुढे वैरागला चिंतामणरावांच्या आत्याकडे जेवायला, असं ठरलं. ठरल्यापासून माझी झोप उडाली. खंडेनवमीला सकाळी मी कुणाला न सांगता निंगप्पाकडे गेलो. म्हटलं, मिस्त्री, माझ्यासाठी एक काम कर. सांगाडा एकदा पुन्हा मापून बघ, सगळ्या बाजूंनी. त्याला राग आला नाही. पण त्याने शेडच्या मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे पाने, हातोड्या, ऐरण, मापाची पट्टी, गुंडाळलेली दोरी, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडलेलं होतं, आणि त्याची बायको कमलम्मा त्यावर झेंडू वाहत होती. पूजेला बसवलेलं हत्यार दसरा होईपर्यंत उचलायचं नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मापतो, म्हणाला.

मी म्हणायला हवं होतं की एक साधी सुतळी माझ्या घरून आणतो, तिने माप. पण माझ्याही घरात अडकित्ता आणि लेखणी पूजेला बसलेली. सणाच्या दिवशी माणसाला त्याचं हत्यार उचलायला लावायचं, तेही निव्वळ आपल्या शंकेपायी, हे माझ्याच्याने झालं नाही. कमलम्माने हातावर गूळखोबरं ठेवलं ते खाऊन मी परत आलो.

आणि मग लीलाने विचारलं. खंडेनवमीच्या संध्याकाळी ती तुळशीपाशी दिवा लावत होती, आत चिंतामणराव कुणाशी तरी बोलत होते. ती हळूच म्हणाली, "अण्णा, खरं सांग. प्रभेला घेऊन मी त्यात बसू का? तू नको म्हणालास तर पोटात दुखतंय म्हणून घरी राहीन."

देवाशपथ सांगतो, नको हा शब्द माझ्या जिभेवर होता. पण आतून चिंतामणरावांचं हसणं ऐकू आलं. उद्या लीला घरी राहिली, मोटार सुखरूप परत आली, तर गाणगापूरच्या गोष्टीला जोड मिळणार. जन्मभर पुरणार ती. मी एवढ्या मोठ्या वयाचा माणूस, मला त्या हसण्याची भीती वाटली. मी म्हणालो, बस, काही होत नाही, प्रभाला तेवढं मध्ये बसव. तिने मान हलवली आणि दिव्याची वात पुढे सारली.

दसऱ्याला सकाळी मोटार आमच्या बोळात येऊन उभी राहिली. पुढे झेंडूचं तोरण, दोन्ही दिव्यांना आंब्याची पानं. लीलाने पहाटेच सडा घालून मोटारीच्या पुढे रांगोळी काढली होती, चांगली वीस हात लांब, बोळाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. हौस दांडगी तिची. चारही चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, ओवाळलं. चिंतामणरावांनी हँडल मारलं. मला बसायचा आग्रह झाला, मी डोकं दुखतंय म्हणालो, आणि त्यावरही हशा झाला. प्रभाने मागे वळून मला हात केला. लिंबं फुटली, मोटार रांगोळीवरून सरळ निघाली, बोळाच्या टोकाला वळली आणि दिसेनाशी झाली.

शेजारीपाजारी आपापल्या घरात गेले. मी तिथेच उभा होतो. बोलायला कुणी नव्हतं म्हणून खाली रांगोळीकडे बघत होतो. सडा अजून ओला होता. चाकांना लागलेली पांढरी पूड पुढे बोळभर उमटत गेली होती.

रेघा चार होत्या.

मी पुन्हा मोजल्या. मोटारीला चाकं चार, पण सरळ रस्त्यात रेघा दोनच उमटायला हव्यात. मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागावरूनच जातं. वळणावर फाटे फुटतात, सरळ वाटेवर नाही. आणि आमचा बोळ टोकापर्यंत सुतासारखा सरळ. इथे डाव्या अंगाला दोन रेघा, उजव्या अंगाला दोन, मधलं अंतर बोटांनी मोजलं तर चार बोटं, आणि ते शेवटपर्यंत सारखं. अक्कलकोटच्या रस्त्यावर मुंबईच्या साहेबाने मला हेच सांगितलं होतं, की सांगाडा फिरलेला असला तर मोटार कुत्र्यासारखी अंग तिरकं करून पळते, तोंड एकीकडे आणि मागचे पाय एकीकडे. तेव्हा मी नुसती मान डोलावली होती.  आता धोतराचा सोगा हातात धरून मी पळत निंगप्पाच्या शेडकडे सुटलो.

तो अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, पाटावरच्या हत्यारांपुढे हात जोडून बसला होता. मी त्याला दंडाला धरून उठवलं. कमलम्मा घाबरून काय झालं, काय झालं, करत दारापर्यंत आली. तिला मी ओरडूनच सांगितलं की मोटार वाकडी चालतेय, माझी बहीण आत आहे.

निंगप्पा बोळात येऊन रांगोळीपाशी उकिडवा बसला. एका बाजूच्या दोन रेघांच्या मध्ये चार बोटं ठेवली. उठून दुसऱ्या बाजूला गेला, तिथे ठेवली. मग बोळाच्या टोकापर्यंत चालत गेला आणि चालत परत आला. येताना त्याचा चेहरा मला ओळखू येईना. "तप्पायतु," तो स्वतःशीच म्हणाला. चूक झाली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "दोन्ही दांडं मापलं म्या. कोनाकोन तिरकं मापलं न्हाय."

काय होईल, मी विचारलं. तो म्हणाला सपाटीला चालंल, पर उतारावर जोरात ब्रेक दाबला की मागचं अंग फुडं यील, आणि पट्टीवर पीळ बसला तर रिबिटं ऱ्हात्याल का न्हाय ते म्या सांगू शकत न्हाय. वैरागच्या रस्त्यावर ओढ्याकडे मोठा उतार आहे. तो त्यालाही ठाऊक होता आणि मलाही.

शेडमध्ये एका डॉक्टरांची मोटार पूजेसाठी पुसून उभी होती. निंगप्पाने ती काढली. मी शेजारी बसलो. त्याआधी आयुष्यात मी कधी कुणाला जोरात हाक म्हटलं नव्हतं, त्या दिवशी म्हटलं. जकात नाका मागे पडला. रस्त्याने माणसंच माणसं, नवे कपडे, हातात ताटं, बैलांच्या शिंगांना रंग. लांब कुठे चार माणसं घोळक्याने उभी दिसली की मी सीटवरून अर्धा उठायचो. जवळ जावं तर कुणी उसाचा रस पीत असायचे. एका ठिकाणी रस्त्याच्या कडेला काहीतरी हिरवं आडवं पडलेलं दिसलं. मी डोळे मिटून घेतले. निंगप्पा म्हणाला, वैरणीचा भारा हाय साहेब, उघडा डोळं. प्रभाचा हात केलेला मला सारखा दिसत होता. आणि त्याहून वाईट म्हणजे लीलाने काल हलवलेली मान दिसत होती.

ओढ्याच्या उतारावर आम्ही आलो. खाली अरुंद फरशी, दोन्ही बाजूंना दगडी कठडे. मी दोन्हीकडे वाकून बघितलं. काही नव्हतं. फरशी ओलांडून समोरचा चढ चढलो, तर चढाच्या माथ्यावर, आपट्याच्या झाडाखाली, हिरवी मोटार उभी.

शिवेवर झाडाची पूजा करून पानं घेतल्याशिवाय दसऱ्याला पुढे कोण जातं? म्हणून ती सगळी आम्हाला तिथे सापडली. लीला झाडाच्या बुंध्याला कुंकू लावत होती. चिंतामणराव डहाळ्या तोडत होते. प्रभा पदरात पानं गोळा करावीत तशी परकरात करत होती. मी उतरलो आणि तिथेच रस्त्यावर बसलो.  प्रभा पळत आली, माझ्या हातात आपट्याचं पान ठेवून म्हणाली, मामा, सोनं घ्या. मी तिला जवळ ओढलं आणि रडलो, चांगला मोठ्याने रडलो.

चिंतामणरावांना वाटलं मला वेड लागलं. मी काय सांगितलं ते त्यांच्या डोक्यात शिरेना. पण निंगप्पाने हात जोडले आणि म्हणाला, "वकीलसाहेब, माजी चूक हाय. हिच्यात पोराबाळास्नी बसवू नगा." माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता, मिस्त्रीवर होता. त्यांचा चेहरा उतरला. उतारावर आपण किती जोरात आलो ते आठवत असावेत.  लीला माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "काल तू मला बस म्हणालास." 

आता परत कसं जायचं, याचा विचार सुरू झाला. डॉक्टरांची मोटार चांगली होती, ती चिंतामणरावांनी चालवायची आणि आम्ही सगळ्यांनी त्यातून घरी जायचं, हे लगेच ठरलं. राहिली हिरवी. मी म्हटलं असू दे इथेच, उद्या बैल लावून नेऊ. हे मी म्हटलं, एवढं मला आठवतं. पण लीला म्हणाली की दसऱ्याच्या दिवशी ओवाळलेली वस्तू शिवेबाहेर टाकून घरी कसं जायचं, ते घराला चांगलं नाही. चिंतामणराव म्हणाले, उद्यापर्यंत तिचे दिवेसुद्धा कुणी ठेवणार नाही. आणि निंगप्पा म्हणाला, "म्या आणतो की हळूहळू. माज्या हातची हाय, माजं ऐकंल. तुमी व्हा फुडं."

मी त्याच्याकडे बघितलं. हत्यारं घरी पूजेत, हातात काही नाही, कपाळावर भस्म. मला भीती वाटली का? सांगतो. नाही वाटली. लीला आणि प्रभा मागच्या सीटवर बसल्या होत्या, प्रभा माझ्या मांडीवर यायला हात पसरत होती, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की दुसरं काही सुचतच नव्हतं. मी त्याला म्हणालो, मिस्त्री, सावकाश ये. तो हसला आणि हँडल मारायला वाकला.

आम्ही घरी पोचलो. लीलाने पुन्हा ओवाळलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, आम्ही उंबरा ओलांडला. चहा झाला. चिंतामणराव मला काही बोलले नाहीत, उलट बार्शीच्या कोर्टातल्या कुणाची तरी गोष्ट सांगत राहिले. मी दारात उभा राहून बोळाच्या टोकाकडे बघत होतो. अर्धा तास गेला. हळूहळू येणार म्हणाला होता. तास गेला. मग मी चिंतामणरावांना म्हणालो, चला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता उठले.

ओढ्याच्या अलीकडेच लोक होते. या वेळी कुणी उसाचा रस पीत नव्हतं. निंगप्पा अगदी सावकाश उतरत होता, असं एका गुराख्याने सांगितलं. फरशीवर पलीकडून बैलगाडी चढली, पोरंबाळं बसलेली. त्याने ब्रेक दाबला, आणि मोटार मागून फिरली. कठडा फोडून डावीकडे खाली गेली. बैलगाडीला धक्काही लागला नव्हता. त्याला वर काढून घोंगडीवर निजवलं होतं. दवाखान्यात नेईपर्यंत काही राहिलं नाही.

संध्याकाळी आम्ही दोघे शेडमध्ये गेलो. शेजारच्या बायका कमलम्माला धरून बसल्या होत्या. पाटावरची हत्यारं तशीच होती. चिंतामणराव वकील असून त्यांना बोलता येईना. अपघात कुणाच्या हातात नसतो, असं काहीतरी त्यांनी सुरू केलं आणि मधेच थांबले. कमलम्मा त्यांच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. सकाळी तिच्या दारात मी काय ओरडलो ते तिने ऐकलं होतं.

"बहिणीला उतरवलं तुमी," ती म्हणाली. "पोरीला उतरवलं. त्यास्नी का बसू दिलं?"

 डॉक्टरांची मोटार मोठी होती. मागच्या सीटवर माझ्या शेजारी एका माणसाची जागा रिकामी होती, आणि तिथे आम्ही आपट्याच्या डहाळ्या ठेवल्या होत्या.